मदत हवी आहे: पीएमपीसाठी जुनं पुस्तक की नवं?

नमस्कार मंडळी. ३५ तासांचा क्लास उरकलाय, आता पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजरची सर्टिफिकेट परीक्षा) द्यायचीय. घोळ असा की पीएमबॉक या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या मार्गदर्शक पुस्तकाची सहावी आवृत्ती सीनियरकडून आयती मिळाली. तिच्यातल्या ४९ प्रोसेसचा तक्ता फ्रिजवर चिकटवून निम्मा पाठही केला (बायको विचारते, दुधाचा हिशोब कुठे लावू?). आणि सातवी उघडतो तर १२ तत्त्वं अन् ८ डोमेन (कामाची क्षेत्रं)! त्यात २०२१च्या बदलानंतर साधारण निम्मी परीक्षा अजाइल-हायब्रिडवर (छोट्या टप्प्यांत, बदल करत काम करायची पद्धत अन् तिचं जुन्या पद्धतीशी मिश्रण). मी साइटवरचा माणूस, स्लॅबच्या तारखा सांभाळण्यात दहा वर्षं गेली. स्प्रिंट (अजाइलमधला कामाचा छोटा ठरावीक टप्पा) कधी पाहिली नाही. तक्ता काढून टाकू का? १८० प्रश्न २३० मिनिटांत बसवायला तुम्ही किती मॉक दिल्या? नुकतंच पास झालेल्यांनी सांगा ना.