चिमणीतून तेल ठिबकतंय, आतून तपासायची कशी?

सायलीची_आई
नमस्कार. पुण्यात फ्लॅट आहे, किचनची चिमणी ६ वर्षांची, ऑटोक्लीन. पंधरा दिवस झाले, शेगडीवर पिवळट चिकट थेंब पडतायत. परवा सासूबाई पुऱ्या तळत होत्या आणि थेंब बर्नरवर पडून भपकन जाळ वर गेला, त्यांच्या पदरापासून वीतभर लांब होता, तेव्हापासून मला चिमणी लावायचीच भीती वाटतेय. सर्व्हिसवाला येऊन जाळ्या धुवून गेला, म्हणाला ऑटोक्लीन आहे, आतलं बघायची गरज नाही. पण ओढ कमी झालीय हे मला कळतंय ना, फोडणीचा ठसका हॉलपर्यंत येतो. नक्की काय काय बघू?

तळेगावकर
ताई, मी १२ वर्षं हेच काम करतोय. ऑटोक्लीन म्हणजे आत हीटर असतो, तो ब्लोअरवरचं, म्हणजे आतल्या पंख्यावरचं, तेल वितळवून खालच्या वाटीत आणतो, तेवढंच. ती वाटी भरली की तेल उलटं खाली ठिबकतं, ती आधी काढून बघा. आणि मागचा डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, तर ऑटोक्लीनने साफ होतच नाही, खरा धोका तिथे असतो. घड्याघड्यांचा पाइप असला तर प्रत्येक घडीत तेल साचतं, कढईतलं तेल पेटून जाळ वर ओढला गेला तर ते आत पेटतं आणि पंखा चालू असला की आगीला वारा मिळतो. मेन स्विच बंद करा, डक्ट चिमणीपासून सोडवून टॉर्च मारा. बाहेरच्या टोकाची झडप उघडते का तेही बघा, कबुतरं घरटं करतात. पाइप ६ इंची असेल आणि कुणी पुढे ४ इंची जोडला असेल तर ओढ मिळणारच नाही. तपासायची सोपी रीत म्हणजे पंखा फुल करून जाळीला वर्तमानपत्राचा कागद लावा, चिकटून राहिला नाही तर कुठेतरी अडलंय.

शुभदाकाकू
आमच्याकडे तळण जास्त, म्हणून मी दर पंधरा दिवसांनी स्टीलच्या जाळ्या कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवते. अ‍ॅल्युमिनियमची जाळी असेल तर सोडा नको आणि कॉस्टिक तर अजिबातच नको, जाळी खाऊन टाकतं. आणि कढई पेटली तर काय करायचं हे घरात सगळ्यांना माहीत पाहिजे गं. गॅस बंद, चिमणी बंद, कढईवर झाकण. पाणी अजिबात ओतायचं नाही, उकळतं तेल अंगावर उडतं. आवाक्याबाहेर गेलं तर बाहेर पडून १०१. शेगडीचा नारिंगी पाइप ५ वर्षांनी बदलतात, त्यावरची तारीखही बघून घे.

निखिल_ठाणे
एक गोष्ट राहिली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. चिमणी घरातली हवा बाहेर फेकते, तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते ना, खिडक्या बंद असतील आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर त्याचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं, मळमळतं आणि माणूस तिथेच कोसळतो. किचनची खिडकी थोडी तरी उघडी ठेवा, थंडीतसुद्धा. आणि गॅस गिझर बाथरूममध्ये नकोच, बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या.

सायलीची_आई
सगळ्यांचे खूप आभार. वाटी काठोकाठ भरली होती. काल दुसऱ्या माणसाला बोलावून डक्ट सोडवला, भिंतीतल्या भागात काड्या आणि त्यावर काकवीसारखं घट्ट काळं तेल, आणि कपाटामागचा बेंड पार चपटा झालेला, फर्निचर करताना दाबून बसवला असणार. आतून गुळगुळीत असा पत्र्याचा पाइप टाकतोय, आणि चिमणीचा स्विच तिच्याच मागे होता, आग लागली तर हात कसा घालणार, तो दाराजवळ घेतोय. गिझर आमचा विजेचा आहे पण खिडकी आता उघडीच असते. सासूबाईंनी काही न बोलता मोठ्या कढईचं झाकण शेगडीशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवलंय.