जुन्या .२२ सेमी-ऑटोला कुठलं काडतूस? चालते ते लागत नाही, लागते ते चालत नाही

द्राक्षबाग_तासगाव:
वडिलांच्या नावावरची चेक बनावटीची .२२ सेमी-ऑटो रायफल (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) वारस म्हणून माझ्या लायसन्सवर चढली. शिकार वगैरे काही नाही, नुसती कागदावर नेमबाजीची आवड. वर साधी ४ पट दुर्बीण आहे. ओळखीनं रेंज मिळाली की ५० मीटरवर टार्गेट लावतो, पुढं वाळूच्या पिशवीवर टेकवून.

अडचण अशी की हाय व्हेलॉसिटीची काडतुसं घातली तर रायफल शिलाई मशीनसारखी चालते, पण ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, पसरतो. दुकानदारानं सांगितलं म्हणून एक महागडा मॅचचा, म्हणजे स्पर्धेच्या काडतुसांचा, डबा घेतला. ग्रुप निम्म्यावर आला, पण रिकामी केस (काडतुसाचं टरफल) बाहेर पडायच्या खिडकीत सारखी अडकते. मॅगझीन काढा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) ओढा, केस पाडा, परत भरा. अशानं लक्ष कुठलं लागतंय?

लायसन्सवर वर्षाला मिळतात तेवढीच काडतुसं, त्यामुळं दहा कंपन्यांचे डबे आणून बघणं शक्य नाही. अचूक पण असावं आणि अडकू पण नये, असं नेमकं काय घेऊ?

विट्याचा_विन्या:
सेमी-ऑटो आणि अचूकता? सोपं उत्तर आहे. ती विका, बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची, घ्या.

निवृत्त_आर्मोरर_सातारा:
विन्याभाऊ, एक हत्यार विकून दुसरं लायसन्सवर चढवायला किती हेलपाटे पडतात ते आधी कलेक्टर ऑफिसात विचारून या. वडिलांची बंदूक आहे ती, राहू दे त्याच्याकडं.

तासगावकर पाव्हणं, मी फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. हाताखालून गेल्या त्या एसएलआर आणि पुढं इन्सास रायफली. .२२ चा नाद रिटायर झाल्यावर लागला. पण स्वतःच स्वतःला भरून घेणाऱ्या हत्याराचं दुखणं सगळीकडं एकच असतंय. गोळी नुसती कागदावर लागून भागत नाही, जाता जाता तिनं हत्यारही चालवलं पाहिजे. एसएलआरला गॅस रेग्युलेटर होता, हत्यार सुस्त झालं की फिरवून गॅस वाढवायचा. तुमच्या .२२ ला तसलं काही नाही. ती चालते ब्लोबॅकवर. केस मागं रेटते, बोल्टचं वजन आणि स्प्रिंग तिला अडवतात, संपला विषय. तो मेळ कारखान्यानं ठरावीक जोराचं काडतूस धरून बसवलेला असतोय. जोर कमी पडला की बोल्ट पुरता मागं येत नाही आणि केस खिडकीत चिमटते.

आता हाय व्हेलॉसिटी का पसरते ते बघा. ४० ग्रेनची शिशाची गोळी, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम. हाय व्हेलॉसिटीत ती नळीतून सेकंदाला ३७५ मीटरच्या आसपास सुटते, म्हणजे आवाजापेक्षा जोरात. आवाजाचा वेग थंडीत १५ अंशाला ३४० मीटर, आणि आपल्याकडं मे महिन्यात ४० अंशाला ३५५. ही हलकी गोळी हवेत लवकर दमते आणि ५० मीटरच्या आतच आवाजाच्या वेगाखाली उतरते. ती हद्द ओलांडताना तिला धक्के बसतात. दरेक गोळीला सारखेच बसले असते तर बिघडलं नसतं, पण तसं होत नाही. वर एक गंमत सांगतो, जी पोरांना पटत नाही: आडव्या वाऱ्यात ही जोरातली गोळी सावकाश गोळीपेक्षा जास्त सरकते. कारण त्या वेगात हवा तिला जास्त अडवते.

म्हणून मधला रस्ता धरा, स्टँडर्ड व्हेलॉसिटी. डब्यावर सेकंदाला १०५० ते १०९० फूट लिहिलेलं बघा, म्हणजे ३२० ते ३३० मीटर. उन्हाळा असो की हिवाळा, आवाजाच्या खालीच राहते. सीसीआय कंपनीची स्टँडर्ड व्हेलॉसिटी १०७० फुटांची आहे आणि बऱ्याच सेमी-ऑटो ती पचवतात. एसके कंपनीची स्टँडर्ड प्लस मिळाली तर तीही बघा. ज्यावर नुसतं सबसॉनिक लिहिलंय आणि वेग हजाराच्या आत आहे, ते तुमच्यासाठी नाही, बोल्ट पुरता मागं येईल याचा भरवसा नाही.

पण पैसे खर्चायच्या आधी दोन कामं करा, दोन्ही फुकटात होतात.

पहिलं, तुमच्या मॅचच्या डब्याचा वेग बघा. तो १०७० च्या पुढं असेल तर दोष जोराचा नसणार. मॅचच्या काडतुसांवर मेणासारखं ग्रीस जास्त असतंय. ते चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी जळक्या दारूबरोबर साचून कडक कडं धरतं आणि केस सुटायला आढेवेढे घेते. रायफल रिकामी करून चेंबर, बोल्टचं तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (केस ओढून काढणाऱ्या) नखाखालची घाण काढा. तेल अगदी बोटभर फडक्याला लागेल एवढंच. वडिलांच्या वेळेपासून बोल्टची स्प्रिंग बदलली नसेल तर ती बसलेली पण असू शकते. मात्र बसलेली स्प्रिंग अडवते कमी, त्यामुळं अशा वेळी केस बाहेर पडते पण पुढचं काडतूस आत नीट जात नाही. तुमची तक्रार तशी नाही, तेव्हा आधी साफसफाई.

दुसरं काम खरं महत्त्वाचं. एकाच डब्यातल्या दहा गोळ्या एकेक करून हातानं चेंबरमध्ये घालून मारा, आणि दहा मॅगझीनमधून. वेगवेगळ्या कागदांवर. हातानं भरलेल्यांचा ग्रुप लक्षणीय घट्ट आला तर काडतुसाला दोष देऊ नका. मॅगझीनमधून वर चढताना शिशाची मऊ गोळी चेंबरकडं जाणाऱ्या उतरंडीवर घासते, नाकाडाला चरा पडतो, आणि चरा पडलेली गोळी सरळ जात नाही. मग उपाय मॅगझीनच्या ओठांवर (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांवर) करायचा, डब्यावर नाही.

मिरज_५०मी:
काकांनी लिहिलंय ते बरोबर. मी ५० मीटर रायफल खेळते, त्यात सेमी-ऑटो चालतच नाही, प्रत्येक गोळी हातानंच भरायची. पण काडतुसाचं वेड आमच्यात जास्त. आमचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि गोळी ५.६ ची, त्यामुळं लॉट (कारखान्यातली एका खेपेची काडतुसं) बदलला तरी पोटात गोळा येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला याच ५० मीटरमध्ये, तीन पोझिशनच्या प्रकारात ब्राँझ घेतलं, तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येक आई-बाप विचारतात कुठली गोळी घ्यायची. मोठे खेळाडू ब्रँड निवडून थांबत नाहीत. एली किंवा लापुआ या काडतूस कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर स्वतःची रायफल शिकंज्यात लावून वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि जो जमतो तो लॉट साठवतात.

दादा, तुम्हाला तेवढं नको. पण डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा. एकच नाव, एकच रंगाचा डबा, लॉट वेगळा, की ग्रुप वेगळा येऊ शकतो. आपल्या .२२ सारख्या रिमफायरमध्ये स्फोटक मसाला केसच्या कडेत गोल फिरवून बसवतात, तो सगळीकडं सारखा बसेलच असं नाही.

आणि कंपनी बदलली की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका. आधीच्या ग्रीसचा थर नळीत असतो, नवीन बसेपर्यंत गोळ्या इकडंतिकडं जातात.

द्राक्षबाग_तासगाव:
काका, ताई, धन्यवाद. आजच बोल्ट काढून बघितला. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली अक्षरशः काळा गोळा निघाला. एक शंका: मी तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप मारत होतो, काडतुसं वाचावीत म्हणून. तेवढ्यावर कळत नाही का?

निवृत्त_आर्मोरर_सातारा:
नाही कळत. तीन गोळ्या योगायोगानं शेजारी पडतात आणि माणूस आठवडाभर मिशीला पीळ देत फिरतो. फौजेत झिरो करताना, म्हणजे नेम आणि गोळी जुळवताना, पाचचा ग्रुप घ्यायचो, कारण तिथं फक्त मध्य काढायचा असतो. दोन काडतुसांत चांगलं कुठलं हे ठरवायचं तर दहाचा ग्रुप, तोही दोनदा. आणि एखादी लांब गेली की "ही माझ्या हातानं गेली" म्हणून खोडायची नाही. जी गेली ती धरायची.

काडतुसं कमी आहेत ना, मग डबे कमी बघा. दोनच निवडा. दर डब्यातल्या तीस-पस्तीस गोळ्यांत नीट परीक्षा होते, बाकीची सरावाला उरतात. सकाळी लवकर जा, कृष्णेकडचा वारा उठायच्या आत.

विट्याचा_विन्या:
काका, आणि फेडरलची ऑटोमॅच? ती तर सेमी-ऑटोसाठीच काढलीय म्हणतात.

निवृत्त_आर्मोरर_सातारा:
काढलीय खरी, आणि अडकायची नाही. पण १२०० फुटांची आहे, म्हणजे परत आवाजाच्या वर. २५ मीटरवर रिकामे पत्र्याचे डबे पाडायला झकास. ५० वर तासगावकरांनी आधी स्टँडर्ड मारून बघावी. तीही अडकली, तरच ऑटोमॅच.

आणि हो, परीक्षा रेंजवरच. द्राक्षबागेच्या बांधावर टार्गेट लावायचा मोह होईल, .२२ ची गोळी दीड किलोमीटर जाते आणि पलीकडं कुणाची तरी छाटणी चालू असतीय.