इटलीतले शेवटचे पंधरा दिवस

इटलीच्या २०२२ च्या संसदीय निवडणुकीत सर्वेक्षणवाले तोंडावर आपटले, फाईव्ह स्टार या पक्षाचा अंदाज पार चुकला, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. इटलीत मतदानाआधीचे १५ दिवस जनमत चाचण्यांचे आकडे छापायला बंदी आहे. कायदा २००० सालचा. चाचण्या चालूच असतात, पक्षांना आकडे कळतात, फक्त मतदाराला कळत नाहीत. मग काही संकेतस्थळं घोड्यांच्या शर्यतीचं सोंग घेतात: पक्षाऐवजी घोड्याचं नाव आणि टक्क्यांऐवजी धावेची वेळ! लोकशाहीत मतदारालाच अंधारात ठेवणं मला साफ चुकीचं वाटतं. त्या वर्षी मतदान २५ सप्टेंबरला होतं. शेवटच्या जाहीर चाचण्यांत फाईव्ह स्टार १३ टक्क्यांच्या आसपास होता, मिळाले १५.४; ही वाढ बंदीच्या त्या पंधरा दिवसांतली असावी. फाईव्ह स्टारचे नेते कोंते तेव्हा दक्षिणेत गरिबांच्या निर्वाह भत्त्यासाठी जीव तोडून प्रचार करत होते आणि दक्षिणेतल्याच कंपानिया प्रांतात त्यांचाच पक्ष पहिला आला. साल्विनींच्या लेगा या उजव्या पक्षाचे आकडे मात्र बरेच खाली आले, तेही याच काळात घसरले असावेत.

आणि नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. उजव्या आघाडीला मतं ४४ टक्के, पण कनिष्ठ सभागृहातल्या १४७ एकसदस्यीय मतदारसंघांपैकी (जिथे सर्वाधिक मतं मिळवणारा एकच निवडून येतो) १२१ त्यांनी मारले. कारण उघड आहे: पंतप्रधान द्राघींचं सरकार पडल्यावर डावीकडचा डेमोक्रॅटिक पक्ष आणि फाईव्ह स्टार वेगवेगळे लढले, मध्यममार्गीयांनी तिसरी चूल मांडली. हे ऑगस्टच्या मध्यालाच दिसत होतं, त्याला चाचणीची गरज नव्हती.