मदत हवी आहे: शोकात असलेल्यांसाठी कोणता शास्त्रपाठ घ्यावा?

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम. कोरोनाची साथ सुरू झाल्यापासून आम्ही काही जण रोज रात्री फोनवर एकत्र प्रार्थना करतो. परवा मी बायबलमधलं स्तोत्र ९१ वाचलं. शेजारी हजार पडले तरी तुला काही होणार नाही, या ओळीवर आलो आणि एका ताईंचा हुंदका ऐकू आला. त्यांचे पती नुकतेच गेलेत. मला पुढचं वाचवेना.

हेच स्तोत्र मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मोहात पाडण्यासाठी त्याच्यापुढे ठेवतो, हे मला नंतर आठवलं. वचन खरंच आहे, पण माझी वेळ चुकली.

आता स्तोत्र ८८ घ्यावं असं वाटतं. ते अंधारातच संपतं, सांत्वनाची घाई करत नाही. की विलापगीत या बायबलमधल्या शोकाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय बरा, जो दुःखातून आशेकडे जातो? येशू शांत करतो ते मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातलं वादळही मनात आहे. २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात त्यावरच मनन केलं होतं.

शोकसभा घेतलेल्यांनी कृपया सांगा: आधी नुसता विलाप होऊ द्यावा का? आणि त्या ताईंशी आधी एकटं बोलावं का?