मदत हवी आहे : जपानमध्ये मेक्स्टवर आहे, मास्टर्सची प्रवेश परीक्षा याच ऑगस्टला द्यावी का?

नमस्कार मंडळी,

पुण्यातून मेकॅनिकल केलं, चाकणला थोडी नोकरी केली आणि एप्रिल २०२५ मध्ये मेक्स्टवर (जपान सरकारची शिष्यवृत्ती, दूतावासाच्या शिफारशीची) उत्तर जपानातल्या एका राष्ट्रीय विद्यापीठात आले. सध्या केंक्यूसेई आहे. म्हणजे लॅबमध्ये टेबल आहे, सेन्सेई (मार्गदर्शक प्राध्यापक) आहेत, दर आठवड्याला झेमीत (लॅबच्या सेमिनारात) बसते, पण कुठल्याच पदवीला नाव नाही. मास्टर्सला जायचं तर वेगळी प्रवेश परीक्षा. "शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे ॲडमिशन झालीच ना?" असं आत्या दर फोनला विचारते, आणि मी दर वेळी पहिल्यापासून समजावते.

पैशांचं ठीक आहे. महिना १,४३,००० येन, फी माफ. अडलंय ते परीक्षेवर.

गणित, आणि इथे ज्यांना योनरिकी म्हणतात ते चार विषय : आपलं एसओएम (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स), थर्मो, फ्लुइड आणि व्हायब्रेशन्स. इंग्रजीला टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण धरतात, ती काळजी नाही. विषयही शिकलेलेच. पण आपल्याकडे सूत्र आठवलं की किंमती घालून मोकळं व्हायचं. इथल्या जुन्या पेपरांत आकडे जवळजवळ नसतातच. एक बीम देतात आणि पहिल्या उपप्रश्नापासून शेवटच्यापर्यंत सगळं अक्षरांतच काढत न्यायचं. पहिलं चुकलं की पुढचं सगळं गेलं. वर विद्यापीठ उत्तरं छापत नाही. ती सेन्पाईंच्या (लॅबमधल्या सीनिअर्सच्या) फाइलींत, हाताने लिहिलेली, जपानीत. माझं जपानी एन-४ च्या आसपास, म्हणजे भाषापरीक्षेची खालून दुसरी पातळी.

सेन्सेई म्हणतात, याच ऑगस्टला बस. मला वाटतं, शिष्यवृत्ती मार्च २०२७ पर्यंत आहे, तर वर्षभर भाषा सुधारून २०२६ च्या ऑगस्टला नीट द्यावी. अर्जाची मुदत जुलैच्या सुरुवातीला संपते. थांबले तर शिष्यवृत्तीला धक्का लागतो का? शिवाय डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे, आणि इथे दर महिन्याला ऑफिसात जाऊन सही केली नाही तर त्या महिन्याचे पैसे येत नाहीत. कुणी यातून गेलंय का?

– चाकणकर_उत्तरेत

प्रतिसाद १ (डोंबिवली_ते_नागोया) :

ताई, याच ऑगस्टला बसा. केंक्यूसेई म्हणून शिष्यवृत्ती मार्च २०२७ ला संपते. पुढे हवी तर पदवीला प्रवेश मिळालेला हवा आणि मुदतवाढीचा अर्जही मंजूर व्हायला हवा. आत्ता बसलात आणि राहिलं, तर पुढचा ऑगस्ट हातात आहे. थांबलात तर तो एकच ऑगस्ट, आणि तेव्हा नाही झालं तर परतीचं तिकीट. भाषेचं म्हणाल तर आमच्या विभागात प्रश्न इंग्रजीतही छापायचे आणि उत्तर इंग्रजीत चालायचं. तुमच्याकडचं नियमपत्रक बघा, विभागागणिक फरक असतो. सेन्पाईंच्या वह्यांतलं जपानी कमी आणि समीकरणं जास्त असतात, घाबरू नका.

प्रतिसाद २ (मुळामुठा) :

लग्नाचं सोपं आहे. डिसेंबरची सही महिन्याच्या सुरुवातीलाच करून निघा आणि जानेवारीच्या सहीची मुदत संपायच्या आत परत या. जाण्याआधी सेन्सेईंना सांगून ऑफिसात परदेशी जाण्याचा फॉर्म मात्र भरा.

चाकणकर_उत्तरेत :

नियमपत्रक काढून बघितलं. प्रश्न दोन्ही भाषांत, उत्तर कोणत्याही भाषेत! अर्ज भरते. आता व्हायब्रेशन्सच्या जुन्या पेपरांवर कुणी बसलेलं असेल तर व्यनि करा, तिथे माझं पार अडतंय.