ऑडिओबुक वाचताना बेळगावी हेल ठेवायचा की घालवायचा?

टिळकवाडीकर:
२०१७ मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप मराठीत आलं. आता बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे वाचकही (पुस्तक मोठ्याने वाचून देणारे) घरी ध्वनिमुद्रण करून आवाजाचे नमुने पाठवतात. त्यावर तपासणाऱ्याचा हमखास शेरा येतो, ‘हेल येतोय’. या शेऱ्यावर रागावण्यात अर्थ नाही. निवेदनातला हेल काढायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

कारण साधं आहे. साठ हजार शब्दांची कादंबरी मिनिटाला १२० शब्दांनी वाचली तर आठ तास वीस मिनिटं होते. आपल्याकडे वाक्याचा शेवट वर उचलला जातो. छापील पुस्तकात पूर्णविराम डोळ्याला दिसतो, कानाला तो फक्त सूर खाली बसल्यावर कळतो. सूर बसला नाही की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. दोन मिनिटांत हे खटकत नाही, दोन तासांत माणूस दमतो.

दुसरं च आणि ज. ‘चार माणसं’ मधला च तालव्य, म्हणजे ‘च्य’ सारखा, ‘गुरांचा चारा’ मधला दंततालव्य, म्हणजे ‘त्स’ सारखा. विश्व या अर्थाचं ‘जग’ वेगळं, ‘नीट जग’ मधलं वेगळं. म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ आणि ‘जरा थांब’ मधलं ‘जरा’ही तसंच. कन्नडमध्ये हा भेद नाही, त्यामुळे कन्नड माध्यमात शिकलेल्यांच्या तोंडी दोन्ही एकच होतात. लेखकाने लिहिलेला शब्द बदलतो म्हटल्यावर त्याला बोलीचं वैभव कसं म्हणायचं?

जांबोटी रोड:
टिळकवाडीकर, तुम्ही दोन गोष्टी एकत्र कालवल्यात. च-ज चुकणं हा उच्चारदोष, तो सुधारायलाच पाहिजे, यात वाद नाही. हेल हा दोष नाही. सूर खाली बसवायला शिकणं आणि गावाचा वास पुसून टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत. पुण्याच्या पेठांतल्या बोलण्यालाही हेल आहे की! तो तपासणाऱ्याच्या कानाला सवयीचा म्हणून त्याला कोणी हेल म्हणत नाही, एवढंच.

नुकसान कुठे होतं ते बघा. आपल्या भागातली बाई ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणते. संहितेत तसंच छापलेलं असतं, वाचक तसंच वाचतो आणि तपासणीतून खूण येते, ‘लिंग चुकलं, पुन्हा घ्या’. ‘काय करूलालास?’ (काय करतोयस?) वर खूण येते, ‘शब्द अस्पष्ट’. वाचक बिचारा ‘मी जाते’ करून देतो आणि पात्र मरतं.

आता उलट बाजू. ळ आणि ण आपल्याकडे खणखणीत येतात, कारण कन्नडमध्येही ते रोजचे आहेत. मराठी पुस्तकातल्या पात्राच्या तोंडी कन्नड वाक्य आलं की बाहेरचा वाचक हमखास अडखळतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ वेगळे. ऱ्हस्व ‘कोडु’ म्हणजे दे, दीर्घ ‘कोडु’ म्हणजे शिंग. आपल्या रोजच्या देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. हा फरक वहीत नव्हे, कानात असावा लागतो, आणि तो इथल्या कानात आहे.

निपाणी संकलन:
दोघांचं वाचलं. संकलनाच्या टेबलावरून बघितलं तर तिसरीच अडचण दिसते. हेल असण्यापेक्षा तो येतो-जातो, त्याचा त्रास जास्त.

वाचक पहिली दहा पानं सावध राहून प्रमाण वाचतो. चाळिसाव्या मिनिटाला घसा आणि लक्ष दोन्ही थकतात, मूळ सूर वर येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सावध. ऐकणाऱ्याला एकाच प्रकरणात दोन माणसं वाचताहेत असं वाटतं. दुरुस्तीची वाक्यं आठवड्याने संध्याकाळी घेतली तर ती आणखी तिसऱ्याच माणसाची वाटतात. सकाळचा आवाज जड असतो, दिवसभर बोलून झाल्यावर तो चढतो. म्हणून दुरुस्त्या मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळेलाच घ्याव्यात. बसण्याआधी आदल्या दिवसाची शेवटची पाच मिनिटं हेडफोनवर ऐकायची आणि त्यातलं शेवटचं वाक्य त्याच सुरात दोनदा म्हणायचं.

चूक झाली की पूर्ण परिच्छेद पुन्हा वाचू नका. तीन सेकंद मागे जा, स्वतःचा आवाज ऐकत या आणि श्वासाच्या जागी मुद्रण चालू करून पुढे वाचा. शब्दाच्या मध्ये जोड दिला तर तो ऐकू येतो, श्वासावर दिलेला कळत नाही. या पद्धतीने एका तयार तासाला, म्हणजे ऐकणाऱ्यापर्यंत पोचणाऱ्या अंतिम तासाला, साधारण दोन तास मुद्रण लागतं, संकलन आणि तपासणीचे वेगळे. मोबदला तयार तासावर ठरतो हे ध्यानात ठेवा. हेल दाबायच्या ताणात दर ओळीला थांबणाऱ्याचे हेच दोन तास चारावर जातात आणि पैसे तेवढेच राहतात.

शहापूर गल्ली:
हेलावरून जेवढे नमुने परत येत असतील त्याहून जास्त खोलीवरून येतात, आणि त्यावर कोणी बोलत नाही. ऑडिबलच्या एसीएक्सचा, म्हणजे त्यांच्या ऑडिओबुक-निर्मितीच्या संकेतस्थळाचा, मापदंड उघड आहे. सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३ च्या वर नाही आणि शांततेतला आवाज उणे ६० च्या खाली. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पत्र्यावर पाऊस वाजत असताना हे साठ गाठून दाखवा!

भिंतीला फोम चिकटवून बाहेरचा आवाज थांबत नाही. तो फक्त आतला घुमारा कमी करतो, तोही वरच्या पट्टीतला. त्यापेक्षा रस्त्यापासून लांबची, कपड्यांनी भरलेल्या कपाटाची खोली घ्या. मागे आणि दोन्ही बाजूंना वाकळा टांगा. भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. मध्ये उभं राहून टाळी वाजवा. तिची शेपूट ऐकू आली तर अजून एक वाकळ लागेल. वीज गेली आणि इन्व्हर्टर चालू झाला की तारेतून गुणगुण शिरते. अशा वेळी लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर घ्या. माइक तोंडापासून एक वीत, किंचित बाजूला. समोर धरला तर भ, फ, ख चे फुत्कार थेट पडद्यावर आदळतात, आणि मराठीत ते दर ओळीला आहेत.

टिळकवाडीकर:
खोलीचं मान्य, पण तो वेगळा धागा होईल.

जांबोटी रोड, ‘मी जातो’ चा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. संवाद जसा छापलाय तसाच वाचावा. पण निवेदकाचं काय? कथा नाशिकच्या वाड्यात घडतेय, लेखिका नाशिकची, निवेदन तृतीयपुरुषी. तिथे बेळगावी चढ आला तर ऐकणाऱ्याला निवेदक हे आणखी एक पात्र वाटेल. तो अधिकार वाचकाला नाही. तुमच्या हाती कोणतं पुस्तक येईल हे तुम्ही ठरवत नाही, म्हणून आवाज कुठेही बसेल असा तयार ठेवावा.

जांबोटी रोड:
नाशिकच्या वाड्यापुरतं तुमचं बरोबर. पण मग नियम उलट बाजूनेही लावा. कथा चंदगड-खानापूरच्या रानातली आणि निवेदन ‘मी’ म्हणून असेल तर तिथे प्रमाण सूर हाच परका. अशी पुस्तकं पुण्यातल्या आवाजात निघतात तेव्हा ‘हेल येतोय’ असा शेरा कोणी मारत नाही. माझा राग तिथे आहे.

‘कुठेही बसेल असा आवाज’ हे मला पटत नाही. वाचकाला दोन सूर यावेत आणि कुठला कधी लावायचा हे त्याने मुद्रणाआधी ठरवावं. त्यासाठी पुस्तक आधी शेवटपर्यंत वाचायचं. दोनशेव्या पानावर कळतं की आजोबा घोगरे बोलायचे, आणि तोवर ते सात प्रकरणं गोड आवाजात बोलून बसलेले असतात. वाचताना प्रत्येक पात्रासमोर गाव, वय, पट्टी लिहायची. बोलीतले आणि कन्नड शब्द वेगळ्या पानावर, पान क्रमांकासह. ही यादी मुद्रणाआधीच तपासणाऱ्याकडे पाठवायची. ‘पान ४७, बाई मी जातो म्हणते, मूळात तसंच आहे.’ निम्म्या खुणा येतच नाहीत.

निपाणी संकलन:
यादीला दुजोरा. तिच्याबरोबर एक ध्वनिफीतही जोडा. निवेदनाचं एक वाक्य, प्रत्येक मुख्य पात्राचं एक, सगळं मिळून दीड मिनिट. तीन आठवड्यांनी दुरुस्तीला बसाल तेव्हा वाचकालाही तीच ऐकायला लागते.