डीबगरच्या खिडकीत दिसणारी व्हेरिएबलची किंमत कितपत खरी मानावी?

प्रश्न:
व्हिज्युअल स्टुडिओच्या डीबगरमध्ये (प्रोग्राम मध्येच थांबवून तपासण्याच्या साधनात) सी प्लस प्लसचा प्रोग्राम तपासताना, 'बेरीज' या व्हेरिएबलला किंमत देणाऱ्या ओळीवर मी ब्रेकपॉइंट लावला. प्रोग्राम तेथे थांबला आणि पिवळा बाणही त्याच ओळीवर आला, तरी लोकल्सच्या (फंक्शनमधील व्हेरिएबल दाखवणाऱ्या) खिडकीत -८५८९९३४६० असा आकडा दिसतो. कॉल स्टॅकमधील खालच्या ओळीवर डबल क्लिक केले की व्हेरिएबलची सगळी यादीच बदलते, आणि रिलीज बिल्डमध्ये (वेगासाठी सुधारलेल्या अंतिम आवृत्तीत) तर काही नावे दिसतच नाहीत. या खिडक्यांवर विश्वास कसा ठेवावा?

उत्तर १:
पिवळा बाण ज्या ओळीवर असतो ती ओळ अजून चाललेली नसते. ती आता चालायची असते. त्यामुळे आपल्याला दिसणारा आकडा हा किंमत देण्यापूर्वीचा मजकूर आहे, आणि तोही योगायोगाने आलेला नाही. डीबग बिल्डमध्ये (तपासणीसाठीच्या आवृत्तीत) नेहमीच्या सेटिंगनुसार स्टॅकवरील, म्हणजे फंक्शनच्या व्हेरिएबलसाठीच्या मेमरीतील, कोरी जागा 'सीसी' या हेक्साडेसिमल बाइटने भरून ठेवली जाते. असे चार बाइट चिन्हासहित पूर्णांक म्हणून वाचले की नेमका हाच आकडा येतो. खिडकीत राइट क्लिक करून हेक्साडेसिमल डिस्प्ले निवडा, म्हणजे आठही जागी 'सी' दिसेल. नंतर एफ १० दाबून ती ओळ चालवा. खरी किंमत लाल रंगात येईल. तो लाल रंग चूक झाल्याचा नसून, मागील थांब्यानंतर किंमत बदलल्याचा आहे.

उत्तर २:
कॉल स्टॅकबाबत: त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे अजून न संपलेले एक फंक्शन होय. ओळ बदलली तरी प्रोग्राम जागचा हलत नाही; आपण फक्त दुसऱ्या फंक्शनच्या फ्रेममध्ये (त्याच्या स्टॅकवरील जागेत) डोकावत असतो, म्हणून लोकल्सही त्याच फ्रेमचे दिसतात. तेथे दिसणारा हिरवा बाण परतीचे ठिकाण दाखवतो.

रिलीज बिल्डची गोष्ट निराळी आहे. तेथे कंपायलर पुष्कळ व्हेरिएबल मेमरीत न ठेवता रजिस्टरमध्येच (प्रोसेसरच्या आतील छोट्या जागेत) वागवतो, आणि शेवटचा वापर झाला की तेच रजिस्टर दुसऱ्या कामाला लावतो. कोणते व्हेरिएबल कोठे सापडेल हे डीबगरला पीडीबी फाइलमधील नोंदींवरूनच कळते. त्या क्षणी ते कोठेच उरले नसेल, तर दाखवायला काही नसते. जीडीबी हा दुसरा डीबगर अशा वेळी 'ऑप्टिमाइझ्ड आउट' (सुधारणेत काढून टाकले) असे सरळ छापतो, जे मला अधिक प्रामाणिक वाटते. जीसीसी हा कंपायलर वापरणाऱ्यांनी अशा कामासाठी 'ओजी' हा सुधारणेचा पर्याय निवडावा.

उत्तर ३:
वॉच खिडकीबद्दल, म्हणजे आपण लिहू त्याची किंमत दाखवणाऱ्या खिडकीबद्दल, एक पुस्ती जोडतो. तेथे लिहिलेली एक्स्प्रेशन (सूत्र) चालत्या प्रोग्रामच्या मेमरीवरच काम करते. तुलनेसाठी दोन बरोबर-चिन्हे द्यायची असताना एकच दिले, तर व्हेरिएबलची किंमत खरोखर बदलते आणि पुढचा सगळा तपास त्या बदललेल्या किमतीवर चालतो.